बारदानासकट

पट्टा आधी तिच्या बोटांना लागला. अनुसयाआत्या माझ्या पाठीला हळद चोळत होती. हात कमरेपाशी आला, थांबला, वर गेला, परत खाली आला. मग तिनं ओल्या लुगड्यावरूनच पट्ट्याची कड चिमटीत धरली.

“ह्ये काय गं पोरी?”

“पट्टा आहे. कंबर दुखते माझी.”

“एवढ्या वयात?”

“दिवसभर उभं राहायचं काम आहे. झेरॉक्सच्या दुकानात.”

“मग आता सोड की. हळद लावताना कुणी पट्टा बांधतं व्हय? आमच्या रणजितच्या अंगाची हळद हाय ही. समद्या अंगाला लागाय पायजे.”

लग्न दुसऱ्या दिवशी होतं. विट्याहून नवऱ्या मुलाची उष्टी हळद, म्हणजे सकाळी त्याला लावून उरलेली, घेऊन तिकडच्या चार बायका सांगलीला आमच्या घरी आल्या होत्या. अनुसयाआत्या त्यांची म्होरकी. रणजितची सख्खी आत्या. आरोग्य केंद्रात तीस वर्षं आया म्हणून नोकरी केलेली. घरामागच्या न्हाणीला चादरी बांधून आडोसा केला होता. मी पाटावर, चार कोपऱ्यांना चार तांबे, तांब्यांना सूत गुंडाळलेलं. शेजारच्या जरीनाभाभी चुलीवर पाणी तापवत होत्या आणि चादरीपलीकडं बायका गाणी म्हणत होत्या.

“राहू दे ना आत्या,” मी म्हटलं. “वरूनच लावा.”

वरूनच लावा म्हटल्यावर कुठली आत्या थांबते? तिनं लुगड्यात हात घातला आणि पट्ट्याचं टोक खर्रकन ओढलं. पट्टा सुटला आणि माझं पोट माझ्या मांडीवर येऊन पडलं.

पडलं, हाच शब्द बरोबर आहे. दुसरा शोधून झालाय. आत काही नव्हतं, नुसती कातडी होती. दोन्ही हातांत धरून उचलता येईल, पिळता येईल अशी. बेंबी जमिनीकडं तोंड करून बसलेली. वर पांढऱ्या चिरा, उतारावरची माती धुपून जाते तेव्हा पडतात तशा. दंडांखाली दोन झोळ्या, मांड्यांना आतून दोन. वळ्यांत घाम साचून कातडी सोलायची, म्हणून मी दिवसातून दोनदा पावडर भरायची. लोकांना वाटतं वजन उतरलं की आतनं कुणी तरी सुंदर बाई बाहेर येते. माझ्या आतनं कुणी आलं नाही. मीच होते, आणि माझ्या मापाला आता मोठं होणारं हे एक कातडं.

आत्यानं पट्टा उलटा केला. आतल्या बाजूला एक लेबल शिवलेलं होतं. त्याच्यावर तान्ह्या बाळाला छातीशी धरून हसणारी एक बाई होती. असले पट्टे बाळंतिणींसाठीच करतात. माझ्यासारखीसाठी वेगळा करायला कुणाला सुचलेलं नाही.

आत्यानं लेबल बघितलं. मग पोट बघितलं. मग माझ्या कानाशी वाकली आणि हळूच विचारलं,

“पोर कुठाय?”

मला आधी कळलंच नाही. “कुठलं पोर?”

“मला शिकवू नगंस. चारशे बाळंतपणं बघितल्यात या डोळ्यांनी. पोर कुठाय?”

चादरीपलीकडचं गाणं एका ओळीवर थांबलं.

*

मी जाडी होते. चारचौघांत म्हणतात तशी ‘अंगानं भरलेली’ नाही. एकशे चोवीस किलो. लग्नाच्या आधी तीन वर्षं दवाखान्यात गेले होते तर तिथला काटा एकशे वीसला संपला. नर्स अण्णांना म्हणाली, “हिला मार्केट यार्डात न्या हो.” बाकड्यावर बसलेले सगळे पेशंट हसले. तापानं फणफणलेला एक म्हाताराही हसला. अण्णा, म्हणजे माझे वडील, हसले नाहीत. ते मला खरंच मार्केट यार्डात घेऊन गेले.

अण्णा यार्डात तोलाईदार होते. हळदीचं पोतं काट्यावर चढलं की वजन बघायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारायचं, हे त्यांचं काम. घरात कधी वरच्या पट्टीत न बोलणारा माणूस, यार्डात त्यांचा आवाज चार गाळे सोडून पलीकडं ऐकू जायचा. पोत्याचं वजन पुकारलं की त्यातनं बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन वजा करायचं. बाजार मालाचा असतो. बारदानाचा कोण भाव करतंय?

रविवारी यार्ड बंद. अण्णांनी मला हात देऊन काट्यावर चढवलं, आकडा बघितला, पण पुकारला नाही. खिशातनं एक छोटी लाल वही काढली, पेन्सिलीनं काही तरी लिहिलं, वहीला दोरी गुंडाळली. त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. रोज पहाटे मी रिकाम्या यार्डात चकरा मारायची, पत्र्याच्या शेडखालनं, हळदीच्या धुळीतनं, आणि रविवारी काट्यावर. शंभराच्या खाली उतरल्यावर कातडी सुटायला लागली. एकदा मी काट्यावरूनच विचारलं होतं,

“अण्णा, यातलं बारदान किती हो?”

त्यांनी वहीला दोरी गुंडाळली आणि म्हणाले, “चल, च्या पिऊ.”

आईचं वेगळं होतं. आईला मी नकोच होते, पुरेशी बारीक होईपर्यंत. कुठल्या लग्नाला नाही, बारशाला नाही. कुणी विचारलं तर, “जतला असती मामाकडं.” दोन वर्षं मी सगळ्या नातेवाइकांच्या हिशेबी जतला होते आणि खरं तर आमच्याच मागच्या खोलीत बसून भाजी निवडत होते. वजन उतरल्यावर पुन्हा स्थळं यायला लागली तेव्हा आईनं कात्री घेतली आणि अल्बममधल्या सगळ्या फोटोंतनं मला कापून काढलं. मी समोर बसले होते. म्हणाली, “तुझ्याच भल्यासाठी करतीय.” कापलेली मी चुलीत गेले.

*

आई चादर सारून आत आली तेव्हा आत्या उभी राहिली होती आणि पट्टा तिच्या हातात लोंबत होता.

“विहीणबाई, आमाला फशीवलंत.”

“अहो काय बोलताय आत्याबाई!” आईनं माझ्या मांडीवर बघितलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर दोरीवरचा टॉवेल ओढून माझ्या पोटावर टाकला. “पोरगी जाडी होती हो. वजन उतरलं म्हणून असं झालंय. देवाशप्पथ.”

“जाडी हुती? किती जाडी?”

आईला आकडा माहीत होता. पण तो तिच्या तोंडातनं तेव्हाही बाहेर पडेना. लग्न मोडायला आलंय, पोरीवर नको तो आळ आलाय, आणि बाईला लाज कशाची, तर आकड्याची.

“होती जराशी,” ती म्हणाली.

“जराशा जाडीनं अशी कातडी सुटत न्हाई. फोटू दावा.”

“फोटो नाहीत.”

“आहेत की,” सारिका म्हणाली. ही रणजितची धाकटी बहीण, करवली. मनानं वाईट नव्हती, पण तिला प्रत्येक गोष्ट आठवायची. “साखरपुड्याला आम्ही अल्बम बघितला होता कपाटात. काकूंनी लगेच बंद केला.”

अल्बम आला. आत्यानं पहिलं पान उघडलं. दुसरं उघडलं. चुलतभावाच्या लग्नात नवरा-नवरीच्या शेजारी एक भोक होतं. गणपतीसमोर आई, अण्णा आणि एक भोक. ते भोक केवढं मोठं होतं तेवढं जरी कुणी बघितलं असतं तरी सगळं कळलं असतं. पण माणसं भोकाचं माप बघत नाहीत, नुसतं भोक आहे हे बघतात.

“तुमचीच भावकी सांगती, दोन वर्सं पोरगी जतला,” आत्या बोटांवर मोजत म्हणाली, “फोटूतनं काढून टाकलेली, बाळंतिणीचा पट्टा, आन ह्ये प्वॉट. अजून काय सांगाय पायजे, विहीणबाई?”

“जतला नव्हतीच हो ती!” आई रडायला लागली. “ते आपलं असंच सांगितलं होतं. घरातच होती.”

“म्हंजे ते बी खोटं.”

जरीनाभाभी चुलीपासनं उठल्या. हातात फुंकणी तशीच. “ओ आत्या, मी सांगते. बारा वर्षं भिंतीला भिंत आहे आमची. ही पोरगी माझ्या दारातनं आडवी होऊन आत यायची. अल्लाकसम, हत्तीण होती हत्तीण. रागावू नको गं वैजू.”

“नाही रागवत, भाभी.”

“जाडी हुती ह्ये कोण न्हाई म्हणतंय?” आत्या शांतपणे म्हणाली. “जाडीच्या आडच नऊ म्हयने लपत्यात. आईबापाला बी कळत न्हाई. असल्या दोघी मी केंद्रात बघितल्यात. एकीनं तर संडासला जाती म्हणून जाऊन तिथंच पोर काढलं.”

 मी आजही तो सगळा प्रकार डोक्यात फिरवून बघते आणि मला कबूल करावं लागतं, तिच्या जागी तिचं चूक नव्हतं. जे दिसतं त्यावरनं ती बोलत होती. दिसण्याची सगळी तयारी आम्हीच घरात बसून करून ठेवली होती.

आत्या माझ्यासमोर उकिडवी बसली. आवाज मऊ केला. तो मऊ आवाज जास्त घाण होता.

“हे बघ पोरी. मला बी आनंद न्हाई. आत खोलीत चल, आडवी पड. मी बघती. दोन मिन्टाचं काम. खरी निघालीस तर तुझं पाय धरीन, आन उद्याच्याला नाचत लगीन लावीन.”

“मी नाही येणार.”

“का? भ्या का वाटतंय?”

“वैजू.” आई माझ्या शेजारी गुडघ्यावर बसली. तिच्या हातांना माझीच हळद लागली. “होऊन जाऊ दे गं. दोन मिनिटं डोळे मीट. मी बसते तुझ्या उशाशी. डाग तरी धुऊन निघंल.”

ही माझी आई. जिला पक्कं माहीत होतं की डागच नाही.

“रणजितना फोन लावा,” मी म्हणाले.

*

रणजित दूध डेअरीत होते, शीतकरण केंद्रावर. त्यांच्या आधी अकरा जणांनी मला बघितलं होतं. काही जाडी असताना, काही नंतर. रणजित बघायला आले तेव्हा पोहे खाता खाता त्यांनी विचारलं होतं, “झेरॉक्सला लोक काय काय आणतात हो?” मला कुणी असलं कधी विचारलं नव्हतं. मी सांगत बसले. भांडणाच्या नोटिसा, शेजारणीच्या कुंडल्या, कविता, आणि एक म्हातारा जो दर महिन्याला मेलेल्या बायकोचं एकच पत्र काढून न्यायचा, शाई उडेल म्हणून. रणजितनी पोहे अर्धे ठेवून ऐकलं. मग चार महिने रोज संध्याकाळी फोन. एकदा मी हिंमत करून म्हटलं, “मी आधी खूप जाडी होते हो.” ते म्हणाले, “मीपण लहानपणी माठ होतो.” आणि हसले. मी पुढं सांगितलं नाही. मनात ठरवलं होतं की लग्न झालं की अण्णांची लाल वही मागून घ्यायची आणि आधी ती त्यांच्या हातात द्यायची. म्हणायचं, हे वाचा, मग मला बघा. एवढं मी कुणासाठी ठरवलं नव्हतं. मला तो माणूस हवा होता. हे उगाच झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

सारिकानं फोन लावला, आधी तिनं सांगितलं, मग आत्यानं सांगितलं. मी पाटावर बसून ऐकत होते की माझं काय काय सांगतायत. मग फोन मला दिला. मागं लाउडस्पीकर वाजत होता.

“वैजू, ऐक. माझा तुझ्यावर विश्वास आहे.”

“मग तेवढंच आत्यांना सांगा.”

लाउडस्पीकरचा आवाज लांब गेला. ते कोपऱ्यात सरकले असावेत.

“सांगतो ना. पण इथं आई रडतीय. आत्याचं बोलणं तिनंपण ऐकलंय आत्ता. पाहुणे जमलेत. सगळ्यांचं तोंड बंद व्हायला पाहिजे का नको?”

“तुम्ही करा बंद.”

“मी कसं करू? मी काय बघितलंय का?” मग त्यांना कळलं ते काय बोलले. “तसं नाही गं. तू खरीच आहेस ना? मग तपासून घ्यायला काय होतंय? दहा मिनिटांचं काम. आत्या घरचीच आहे. उद्या आपण हसू यावर.”

“कोण हसेल?”

“अं?”

“उद्या यावर कोण हसेल, असं विचारलं.”

“वैजू, ताणू नकोस. माझ्यासाठी कर.”

तो माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. पण त्यांचा आवाज तोच होता, रोज संध्याकाळचा. काळजीचा. मी फोन सारिकाला परत दिला. फोनला माझ्या गालाची हळद लागली होती. तिनं ती ओढणीनं पुसली.

*

तेवढ्यात चादरी हलल्या आणि मधनं एक हात आत आला. नुसता हात. बायकांच्या न्हाणीत पुरुषानं यायचं नसतं, म्हणून अण्णा बाहेरच थांबले होते. नखांच्या कडा पिवळ्या. त्या दिवसाच्या हळदीनं नव्हे, तीस वर्षांच्या. त्या हातात लाल वही होती, दोरी गुंडाळलेली.

“आत्याबाई,” चादरीपलीकडनं अण्णांचा आवाज आला. “ह्यात समदं हाय. एकशे चोवीस किलोपास्नं. दर रविवारचं वजन, तारीख घालून. तीन वर्सांत एक बी रविवार सुटला न्हाई. दर खेपंला पाव-अर्धा किलो उतरलंय, एकदम कधीच न्हाई. नऊ म्हयने लपवायचं म्हटलं तरी त्यात जागा न्हाई. तुमी तर केंद्रात काम केलंय, तुमास्नी कळंल. वाचा.”

एकशे चोवीस. हा आकडा अण्णांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते.

आत्याचा चेहरा बदलला. खोटं कशाला सांगू, तिला बरं वाटलं. तीही आज लग्नालाच आली होती.

“आवो मग पाव्हणं, आदी न्हाई का काढायची? एवढं रामायण कशाला झालं असतं? सारिके, घे गं वही. वाच मोठ्यानं. समद्यांस्नी ऐकू जाऊ दे. खरं असंल तर मी हिची माफी मागती आन माझ्या हातानं हळद लावती.”

आईनं डोळे पुसले. जरीनाभाभींनी फुंकणी खाली ठेवली. सारिकानं हात पुढं केला.

“अण्णा,” मी म्हणाले, “वही उघडायची नाही.”

“वैजे, डोकं फिरलंय का तुझं?” आई ओरडली.

“अण्णा, ऐकताय ना? द्यायची नाही.”

हात तिथंच थांबला, वहीसकट.

“बाळ,” अण्णा म्हणाले. “वाचू दे की. मिटंल समदं.”

“नाही.”

“लगीन मोडंल.”

“माहितेय.”

“तुला त्ये पोरगं आवडतंय. मला ठावं हाय.”

मी मांडीवरचा टॉवेल मुठीत धरला. 

“नक्की?” अण्णांनी विचारलं.

“नक्की.”

 माझ्या अख्ख्या आयुष्यात अण्णांना मी दुसऱ्याचं ऐकतानाच बघितलंय. व्यापाऱ्याचं, अडत्याचं, मुकादमाचं, आईचं. त्या दिवशी त्यांनी माझं ऐकलं. अंगठ्यानं दोरीची गाठ घट्ट आहे का ते चाचपलं आणि हात चादरीआड गेला.

“बघा!” आत्या आईकडं वळली. “वहीत काय तरी हाय, म्हणूनच उघडू देत न्हाई.”

तिचं बरोबर होतं. वहीत होतं काही तरी.

ती वही मी एकदा चोरून वाचली होती, अण्णा दुपारी आडवे झाले असताना. प्रत्येक आकड्यापुढं पेन्सिलीनं एखादी ओळ होती. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर. ‘१२४. चढताना हात दिला.’ ‘११७. चप्पल तुटली. दवाखान्याचं नाव काढलं तर रागावली.’ ‘१०९. चक्कर आली. केळ दिलं.’ ‘९९. पेढा आणला हुता. तिनं खाल्ला न्हाई. मी खाल्ला.’ ‘८६. आज कातडीकडं बघून रडली. मी पोती मोजत बसलो.’ ‘७२. गाणं म्हणत हुती. मला बघून थांबली.’

हे सारिकानं मोठ्यानं वाचायचं? त्या बायकांनी माना डोलवायच्या, आणि शेवटी आत्यानं पास करायचं की ठीक आहे, पोरगी खरी आहे? आत खोलीत आडवी पडले असते तर फक्त अंग दाखवलं असतं. हे त्याहून आतलं होतं. हे दाखवायचा माणूस मी ठरवला होता, आणि तो फोनवर म्हणत होता, मी काय बघितलंय का.

मी पाटावरून उठले. पोट लोंबलं. टॉवेल खाली पडला, तो मी उचलला नाही. तांब्यांना गुंडाळलेलं सूत पायात आलं आणि तुटलं.

“आत्या, मला मूल झालेलं नाही,” मी म्हणाले. “हे मी एकदा सांगते. पुन्हा सांगणार नाही, आणि दाखवणार तर मुळीच नाही. हळद घेऊन जा तुमची.”

त्या गेल्या. उरलेली हळद ताटासकट परत नेली. दारातला मांडव दुपारी पोरांनी उतरवला. दोनशे माणसांच्या जेवणाची भाजी चिरून तयार होती, ती दोन दिवस गल्लीनं खाल्ली. आई अल्बम मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. अण्णा तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवून गेले. ती संध्याकाळी एवढंच म्हणाली, “दोन मिनिटं डोळे मिटले असतेस तर.”

आजही म्हणते. चौदा वर्षं झाली. रणजितचा नंतर दोनदा फोन आला होता, मी उचलला नाही. विट्यात आणि आमच्या निम्म्या भावकीत मला एक मूल आहे. जत भागात कुठं तरी वाढतंय म्हणे. आता ते सोळा-सतरा वर्षांचं असेल. दहावी झालं असेल. कधी कधी मला त्याची काळजीसुद्धा वाटते.

*

हे झालं गुरुवारी. रविवारी पहाटे अण्णा दारात उभे होते, पायात चपला घालून.

“यायचं न्हवं?”

मला वाटलं होतं आता ते सगळं संपलं. वजन ज्याच्यासाठी उतरवायचं तेच राहिलं नाही. पण ते उभेच राहिले, म्हणून मी गेले. तीन दिवस आंघोळी करूनसुद्धा हळद पुरती निघाली नव्हती. वरची गेली होती. वळ्यांतली, पोटाखालची, दंडाखालची तशीच होती. पट्टा घातला नव्हता. चालताना पोट हलत होतं, ते हलू दिलं.

यार्ड रिकामं होतं. शेडखाली हळदीच्या पोत्यांची थप्पी, खाली पिवळी धूळ, पत्र्याच्या आढ्याला कबुतरं. मी काट्यावर चढले. अण्णांनी आकडा बघितला. खिशातनं वही काढली, दोरी सोडली, पेन्सिल जिभेला लावली. आणि मग लिहायच्या आधी मान वर केली, छाती भरून श्वास घेतला, आणि सौद्याच्या आवाजात, अख्ख्या रिकाम्या यार्डाला ऐकू जाईल असं पुकारलं,

“सदुसष्ट किलो तीनशेऽऽ!”

कबुतरं फडफडत उडाली. तीन वर्षांत माझं वजन त्यांनी पहिल्यांदा पुकारलं होतं.

मी म्हटलं, “तीनशे वाढलं की.”

“हळद हाय ती.”

“आणि बारदान, अण्णा? ते वजा नाही करायचं?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पोटाकडं बघितलं, दंडांकडं बघितलं, नजर कुठं चुकवली नाही.

“न्हाई,” ते म्हणाले. “बारदानासकट.”

आणि तसंच लिहून घेतलं.